ध्येयांची भिशी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळं ध्येय हा शब्द मला अजून भाषणातलाच वाटतो. साध्या माणसाला काम असतं, हौस असते, खोड असते. ध्येय पुढाऱ्यांना. पण मागच्या दिवाळीच्या सुटीत नातीनं शाळेतून एक छापील कागद आणला आणि ध्येय आमच्या घरात शिरलं. कुटुंबातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आपापलं एक ध्येय लिहावं आणि ते गाठायला एकमेकांना मदत करावी, असं त्यावर होतं. खाली पालकांच्या सहीला जागा.

मुलगा म्हणाला, "आण हिकडं, सही करतो."

"पप्पा, सही शेवटी. आधी ध्येय."

आम्ही घरात चौघं. मी, मुलगा, सून आणि ही नात. नात तेव्हा दहावीत होती. मुलगा फौंड्रीत कामाला जातो. कसबा बावड्यात आमचं घर आहे, पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. गोठ्यात दोन म्हशी आणि एक वर्षाची रेडी. म्हशींचं आणि घरातलं सगळं सून बघते. मी लक्ष ठेवते, म्हणजे ओरडते.

पाडव्याच्या संध्याकाळी बसलो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं धावत येते. ते नुकतंच बघून आलो होतो, त्यामुळं सगळ्यांचे आवाज आधीच चढलेले होते. नातीनं वहीची पानं फाडून एकेक दिलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही, हेच आमच्या घरात मोठं.

मग नात चिठ्ठ्या वाचायला लागली. मुलाची पहिली. "आईनं गल्लीत भांडणं कमी करावीत." नातीनं स्वतः लिहिलं होतं, "पप्पांनी तंबाखूचा मावा सोडावा." माझी मी मन लावून लिहिली होती. "मुलानं पोट कमी करावं. फौंड्रीत काम करतो का खानावळीत, कळत नाही."

"आज्जी, सोताचं लिहायचं हुतं!" नात म्हणाली.

"माझ्यात काय कमी हाय म्हणून मी लिहू?"

"आणि तू काय लिवलंस गं? माझाच मावा दिसला व्हय तुला?" मुलगा लेकीवर घसरला.

कागदावर 'आपापलं' असं स्पष्ट छापलेलं होतं. तिघांनीही वाचलं होतं आणि तिघांनीही दुसऱ्याचंच लिहिलं. आम्ही आहोतच तसे. दुसऱ्याचं काय चुकतं ते आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सुनेची चिठ्ठी मात्र आलीच नाही. "माझी कोरी ऱ्हायली," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. कागद तिच्या मुठीत होता, तो मला दिसला होता.

मी म्हटलं, हे असं नाही जमायचं, याला भिशी लावा.

गल्लीतल्या बायकांची भिशी मी पुष्कळ वर्षं चालवते. सगळ्याजणी सारखं घालतात आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळं एकदम मिळतं. थोडं थोडं सगळ्यांना वाटत बसलं तर कुणाचंच काही होत नाही. एकीला एकदम दिलं की तिच्या घरी निदान कपाट तरी येतं. तशीच ही ध्येयांची. पैशाऐवजी तास घालायचे. दोन महिने एकाची पाळी. बाकीच्या तिघांनी रोज एकेक तास त्याच्यासाठी द्यायचा. दोन महिने संपले की पुढचा. आणि पहिली उचल भिशी चालवणाराची, म्हणजे माझी. हा नियम सगळीकडं आहे, मी काढलेला नाही.

"बघा, पहिलं हिलाच," मुलगा म्हणाला.

"मग चालव की तू भिशी. जमल तुला?"

पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या, आता ज्याच्या त्याच्या. मी लिहिलं, पुढच्या पाडव्याला माझी रेडी रस्त्यावर पळवायची आणि हाक मी मारायची. आमच्या रस्त्यावर बाईच्या हाकेवर म्हैस पळालेली मी तरी बघितलेली नाही. मुलानं नाइलाजानं पोट लिहिलं. नातीनं लिहिलं, परीक्षा झाल्यावर सायकलनं पन्हाळा चढायचा. दहावी का नाही लिहिलीस म्हटलं, तर म्हणाली, "आज्जी, ती काय ध्येय हाय व्हय? ती हायच." सुनेनं या वेळी घडी करून चिठ्ठी डब्यात टाकली.

माझा पहिला नंबर ठरलेलाच. बाकी तीन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवल्या. दुसरा मुलगा निघाला, तिसरी नात. सून राहिली शेवटची, म्हणजे तिची पाळी मे महिन्यात. राहिलेली चिठ्ठी कशाला उघडायची, म्हणून मी डबा बंद करायला लागले.

"आत्याबाई," सून म्हणाली. मला ती आत्याबाई म्हणते. "मला मेमधी उपेग न्हाई. मला मार्चच्या आधी पायजे."

"का? मार्चात काय हाय?"

तिनं डब्यातली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मला वाचायला वेळ लागतो आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय समजत नाही. मी बोट ठेवून वाचलं, "बाहेरून दहावी पास होणे. गणितासकट."

माझं बोट 'गणितासकट'वरच राहिलं. मुलगा बायकोकडं बघायला लागला. सतरा वर्षं तो सगळ्यांना सांगत आलाय, आमची मंडळी दहावी पास हाय म्हणून.

"म्हंजे तू पास न्हाईस व्हय?" मी विचारलं.

"न्हाई. गणितात उडाले हुते. माझ्या अण्णांनी बघायला आलेल्यांना पास म्हणून सांगितलं. नंतर मला सांगायला जमलं न्हाई."

पावसाळ्यात माहेरी गडमुडशिंगीला जाऊन येते म्हणून गेली होती, तेव्हा तिनं उचगावच्या एका शाळेत जाऊन बाहेरून बसायचा फॉर्म भरला होता. बावड्यात भरला असता तर कुणीतरी बघितलं असतं. जुना अभ्यासक्रम गेला, त्यामुळं सगळेच विषय पुन्हा द्यायचे होते. बाकीच्यांचं तिला काही वाटत नव्हतं. भीती एकट्या गणिताची. आणि आताच का, तर लेक दहावीला बसलेली. "हिला अभ्यास कर म्हणताना माझंच मन मला खातंय," म्हणाली.

नात हसायला लागली. "आई, मग आपण दोघी एकाच वर्गात!"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "भिशीत नंबर निघाला म्हंजे निघाला. रडगाणं चालत न्हाई." आणि डबा उचलून फळीवर ठेवला. सून कपबशा विसळायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझी पाळी सुरू झाली. संध्याकाळी मुलगा मोटरसायकल घेऊन पुढं, मी मागं बसून हाका मारणार आणि नात रेडीच्या मागं पत्र्याचा डबा वाजवत. सून तेवढ्या वेळात नेहमीसारखा स्वयंपाक करणार. रेडी जागची हलेना. हलली ती थेट शेजाऱ्याच्या मेथीत. आठ दिवसांत तिनं काही शिकायचं नाव घेतलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, हिचं ध्येय येगळं दिसतंय."

त्या आठ दिवसांत मी सुनेशी कामापुरतंच बोलले. राग मला खोट्याचा आलाय असं मी समजत होते. नीट विचार केला तेव्हा दिसलं ते वेगळंच. मुलाला सून बघताना दहावी पासच पाहिजे म्हणून मीच हटून बसले होते. दोन चांगली स्थळं मी त्यावरून परत पाठवली होती. स्वतः चौथी, पण सून मॅट्रिक. तिच्या वडलांनी खरं सांगितलं असतं तर मी चहासुद्धा न घेता उठले असते. म्हणजे खोटं बोलले ते, पण बोलायला लावलं मी. हे कळल्यावर राग जायला पाहिजे होता. गेला नाही, फक्त कुणावर धरायचा ते कळेना.

एका सकाळी वैरण टाकायला गोठ्यात गेले. सून डेअरीत दूध घालायला गेली होती. गव्हाणीच्या सिमेंटवर खडूनं गणितं लिहिलेली. धार काढता काढता करत असणार. अक्षर बारीक, नीट. अर्ध्या गणितांत इंग्रजी अक्षरं होती, ती मला कळली नाहीत. पण एका ठिकाणी सात आणि नऊचा गुणाकार होता आणि पुढं पासष्ट लिहिलं होतं.

ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सात नव्वे पासष्ट! आमच्या वेळी चौथीपर्यंत तीसपर्यंतचे पाढे असत, वर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी. पोरगं पाढ्यात चुकलं तर मास्तर दुपारपर्यंत उभं करत. बाकी मला काही येत नसेल, पण पाढे मी झाडू मारतानाही म्हणते.

सून बरण्या घेऊन आली. मी गव्हाणीपाशीच उभी होते. ती दचकली आणि पदरानं पुसायला धावली.

"पुसू नको. सात नव्वे किती?"

"पासष्ट."

"त्रेसष्ट! सतरा वर्षं माझ्या घरात जेवतीस आणि तुला सात नव्वे येत न्हाईत? म्हण सातचा पाढा."

"आत्याबाई, बरण्या धुवायच्यात..."

"बरण्या कुठं चालल्यात? म्हण."

म्हशींच्या मधे उभी राहून तिनं पाढा म्हटला. सातावर अडली, नवावर चुकली. आठाच्या पाढ्यात तर तिचं सगळंच ढिलं होतं. तिला गणित येत नव्हतं असं नाही. तिचे पाढे कच्चे होते आणि त्यामुळं पुढचं सगळं डळमळत होतं. एवढी साधी गोष्ट तिला कुठल्या मास्तरानं सांगितली नव्हती.

संध्याकाळी मी सांगून टाकलं की माझी पाळी हिला दिली. भिशीत नंबर बदलता येतो, ज्याचा त्यानं स्वखुशीनं दिला तर. मुलगा म्हणाला, "मग माझा पण घे. माझं पोट कुठं पळून जातंय?" नातीनं मार्च आपसूकच सोडला, तिचा पन्हाळा परीक्षेनंतरच होता. असे पहिले तीन नंबर सुनेला मिळाले. एवढी मोठी उचल मी आजवर कुणाला दिलेली नाही.

मग घरात जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणायचं का दंगा, ते तुम्ही ठरवा. सकाळी धारेच्या वेळी पाढे माझ्याकडं. मी एका म्हशीखाली, ती दुसऱ्या म्हशीखाली, मधून पाढे. चुकली की मी धार थांबवायची. म्हैस वैतागायची आणि तिची शेपटी माझ्या तोंडावर बसायची. संध्याकाळी शाळेतून आल्यावर सहा ते सात नात शिकवायची. पोरगी शिकवणारी म्हणून माझ्यावर गेली.

"आई, सूत्र कुठाय? सूत्र लिहिल्याशिवाय मार्क न्हाईत."

"अगं, उत्तर बरोबर हाय की."

"उत्तराला एक मार्क. सूत्र लिही आधी!"

"जरा हळू बोल बाई. आई हाय मी तुझी."

"सहा ते सात न्हाईस."

मीही तिथंच लसूण सोलत बसायची. एकदा विचारलं, हा एक्स म्हणजे कोण? नात म्हणाली, "ज्याची किंमत कुणाला म्हाईत नसती तो." मी म्हटलं, "मग माझंच नाव घाल की." सुनेला इतकं हसू आलं की तो सगळा तास वाया गेला. मी त्याबद्दल तिला दुसऱ्या दिवशी बारा, तेरा आणि चौदाचा पाढा म्हणायला लावला.

मुलाचा तास स्वयंपाकाचा. त्याच्या भाकरीबद्दल मी फार बोलत नाही. पहिली भाकरी मी रेडीला घातली, तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. पिठलं त्याला जमलं, म्हणून आम्ही सोमवारी पिठलं, मंगळवारी पिठलं आणि बुधवारी आमटी म्हणून पातळ पिठलं खाल्लं. जानेवारीपर्यंत त्याच्या भाकरीला गोलाई आली. आणि रोज स्वतःचं रांधलेलं खाऊन त्याचं पोट पाळी न घेताच दोन बोटं आत गेलं.

मार्चात परीक्षा आली. बीजगणिताच्या दिवशी मुलगा नातीला घेऊन तिच्या केंद्रावर गेला आणि मी सुनेबरोबर उचगावला. तिनं नेसायला साधी साडी घेतली होती, हातात पाण्याची बाटली आणि पट्टी. गेटवर शिपाई म्हणाला, "मावशी, पालकांनी भायेर थांबायचं." तिनं हॉलतिकीट दाखवलं. त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि बाजूला झाला. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. पण ती वळली नाही.

मी बाहेर लिंबाखाली इतर बायकांत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "नातीला आणलंय व्हय?"

"न्हाई, सुनेला."

माझा आवाज मुळातच मोठा. सगळ्या बायकांनी माना वळवल्या. सून म्हणजे कुणाची, कुठली, किती वर्षांची, पोरंबाळं किती, असं सगळं विचारून झालं आणि मी सगळं सांगितलं. लपवायचं असतं हे मला आठवलं, पण तोपर्यंत सांगून झालं होतं. त्यातली एक बाई निघाली गडमुडशिंगीची, सुनेच्या माहेरच्या आळीतली. संध्याकाळी चूल पेटायच्या आत सुनेच्या वडलांचा फोन आला.

"विहीणबाई, त्या टायमाला माझ्याकडनं चूक झाली..."

"पावणं, चूक झाली ती बरी झाली. न्हाईतर ही आमच्या घरात आली नसती. आता परवा भूमितीचा पेपर हाय, तेवढं देवाला सांगा आणि फोन ठेवा. तिला अभ्यास हाय."

सुनेनं मात्र मला सोडलं नाही. "आत्याबाई, उचगावात फॉर्म भरला तो कशासाठी? आणि तुमी तिथंच दवंडी पिटली?" म्हणाली. माझ्याशी एवढ्या चढ्या आवाजात ती पहिल्यांदा बोलली. मी ऐकून घेतलं, कारण बरोबर होतं. भूमितीच्या दिवशी निघताना गल्लीतल्या चारजणी दारात उभ्या. गडमुडशिंगीहून बातमी आमच्याही आधी बावड्यात पोचली होती. एकीनं हातावर दही घातलं, एकीनं कर्कटक आणून दिलं, तिच्या पोराचं. सूनबाई दही चाटून गेली.

मेमध्ये निकाल. मोबाईलवर लागतो. आधी नातीचा बघितला. ब्याऐंशी टक्के. मुलगा पेढे आणायला पळाला, पायांत चपलासुद्धा वेगवेगळ्या. मग सुनेचा नंबर घातला. चाक फिरत होतं आणि सून भिंतीला टेकून उभी. नात वाचायला लागली, "मराठी, पंचावन्न. हिंदी, एक्कावन्न. गणित..." आणि थांबली.

"बोल की!" मी ओरडले.

"चव्वेचाळीस! आई, चव्वेचाळीस!"

मी म्हटलं, बघ, सात नव्वे त्रेसष्ट. तेवढ्यात नातीचा आवाज उतरला. "आई, पण इंग्रजीत एकोणीस."

पस्तीस लागतात. म्हणजे गणित सुटलं आणि इंग्रजी उडालं. चार महिने चौघं गणिताच्या मागं असे लागलो होतो की इंग्रजी नावाचा विषय असतो हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, माझ्या तर नाहीच. भिशीत हा दोष असतोच, एकीला सगळं दिलं की दुसरीकडं रिकामं. मी तोंड उघडणार होते, काय बोलणार होते ते आता आठवत नाही, काहीतरी वाईटच असणार. पण सून हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून.

"इंग्रजीत?" ती म्हणाली. "माझं इंग्रजी कधी कच्चं नव्हतंच! शाळेत त्यात तर मी पास हुते!"

नात सांगत होती की जुलैत पुन्हा परीक्षा असते, फक्त तेवढाच विषय द्यायचा. सूनबाई ऐकत नव्हती. मुलगा पेढ्यांचा डबा घेऊन दारात आला, तर तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि तशीच गल्लीत गेली. समोरच्या ओट्यावर भिशीतली एक बाई धान्य निवडत बसली होती.

"पास झालीस व्हय गं?"

"गणितात झाले. इंग्रजीत उडाले." एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पार पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"मग हे पेढं कशाचं?"

"लेकीचं आणि माझ्या गणिताचं. इंग्रजीचं जुलैत."

बाईनं पेढा घेतला, मोडून अर्धा तोंडात टाकला आणि सूप बाजूला सरकवलं.

"बाहेरून बसायचा तो फॉर्म कुठं मिळतो गं? मी आठवीत शाळा सोडलीया. चालतंय?"

सून तिच्या शेजारी ओट्यावर बसली, डबा मांडीवर घेतला आणि सांगायला लागली. आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. ही आता लवकर उठायची नाही हे मला दिसलं, म्हणून मी आत गेले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.